वाण्याची वही आणि लॉकआउट पावडर

"काल तुमच्या टॉवरात मोर्चा आला होता म्हणे?"

मावशींचा प्रश्न भिंतीपलीकडून आला. मोर्चा कसला, चार माणसं होती. चेकनाक्यापलीकडच्या एका कंपनीला मध्यंतरी टाळं लागलं, तिथले कामगार. हातात पत्रकं, एकाच्या बगलेत पावतीपुस्तक. आमच्या वॉचमनने त्यांना गेटवरच थोपवलं, वर त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग काय, तासाभरात सगळा टॉवर जागा. एकीने लिहिलं, सेल्समनला बंदी आहे ना आपल्याकडे? दुसऱ्याने लिहिलं, या युनियनवाल्यांनीच मुंबईतले कारखाने घालवले. सातव्या मजल्यावरच्यांनी अंगठा दाखवला. तो नेमका कोणाच्या म्हणण्याला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर चेअरमनसाहेबांचा निवाडा आला: पत्रकं लेटरबॉक्समध्ये टाकून जायला सांगा.

"म्हणजे रद्दीत," मावशी म्हणाल्या आणि तुळशीचा तांब्या बाजूला ठेवून भिंतीला रेलल्या.

मुलुंडच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून इकडच्या तिकडे होतात. अलीकडे आमचा टॉवर, पलीकडे मावशींची जुनी दुमजली सोसायटी. ती कामगारांनीच एकेकाळी कर्ज काढून बांधलेली. मावशींचे यजमान आग्रा रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते. रस्त्याचं नाव बदलून लालबहादूर शास्त्री मार्ग झालं त्यालाही जमाना लोटला, पण मावशींच्या तोंडी अजून आग्रा रोडच. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. मावशींनी मात्र ते दर वेळी विशेषणांसकट घेतलं.

"पत्रक आणलंस का? वाच की मग. माझा चष्मा आत राहिलाय."

मी वाचलं. वेतनकरार संपून दोन वर्षं झाली. नवा करार होत नाही. कंपनी म्हणते, कामगारांनी मुद्दाम उत्पादन कमी केलं. युनियन म्हणते, यंत्रंच जुनी आहेत. चौदा दिवसांची नोटीस फाटकावर लागली, पंधराव्या दिवशी टाळं.

"तेच गं, तेच! आमच्याही वेळी गो-स्लोचंच निमित्त होतं. काम हळू चाललंय, म्हणून काम बंदच केलं. आणि ती चौदा दिवसांची नोटीस. हे सांगायचे, नोटिशीत एक दिवस जरी कमी असता तर टाळेबंदी बेकायदा ठरली असती आणि पगार पदरात पडला असता. पण मालकाचा वकील कॅलेंडर घेऊन बसलेला."

मावशींचं बरोबर होतं. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना आळा घालणारा. मालकाला टाळं लावायचं तर चौदा दिवस आधी कळवावं लागतं, आणि संपालाही तेवढ्याच मुदतीची नोटीस लागते. कागदावर दोन्ही पारडी सारखी. फरक इतकाच की चौदा दिवसांनंतर एकाच्या घरी चूल पेटायची थांबते.

"आणि आमचे टॉवरवाले म्हणतात तसे सगळे कारखाने संपांनीच बंद पडले असं नाही हो," मी माझी माहिती पुढे केली. "ऐंशीच्या दशकानंतर कित्येक वर्षं संपांपेक्षा टाळेबंदीनेच जास्त मनुष्यदिवस बुडाले. सरकारी आकडे आहेत."

"आकडे तू सांग. मी वही सांगते." मावशी आता रंगात आल्या. "आमच्या नाक्यावर कच्छी वाणी होता. त्याची उधारीची वही लाल कापडाची. टाळं लागलं त्याच संध्याकाळी आमच्या चाळीतल्या आम्ही बायका त्याच्याकडे गेलो. काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, बेन, तेल आणि साबण अर्धं देईन, तांदूळ-डाळ पूर्ण देईन, चहा-साखर बघू. सगळा हिशेब डोक्यात तयार! लोक म्हणतात देवमाणूस होता. होताच. पण नुसता देव नव्हता, धंदेवाला होता. त्याची निम्मी गिऱ्हाइकं आमच्याच कंपनीतली. ती सगळी गावाला निघून गेली असती तर त्याने दुकान कोणाच्या जिवावर चालवायचं? आम्ही टिकलो तर तो टिकणार. म्हणून त्याने वही उघडी ठेवली."

मला हा हिशेब फार आवडला. युनियनच्या पत्रकात 'जनतेने पाठिंबा द्यावा' असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे दान मागताहेत. पण टाळेबंदीचा खर्च शेजारपाजाऱ्यांच्या अंगावर तसाही पडतोच. वाण्याची वही फुगते, घरमालकाचं भाडं थकतं, डॉक्टर 'नंतर द्या' म्हणतो, शिकवणीच्या बाई महिनाभर फी मागत नाहीत. कोणी विचारून घेतलेला नसतो हा खर्च. युनियन दारात येते तेव्हा ती फक्त त्याची नोंद करते.

"आणि भिशी?" मी विचारलं. मावशींची भिशी आमच्या गल्लीत अजून चालू आहे.

"भिशीचं तर ऐकच. आमच्या भिशीत कंपनीतल्या बायका होत्या, महापालिकेतल्या होत्या, एक नर्स होती कामगार हॉस्पिटलातली. चिठ्ठी टाकायची बंद केली आम्ही. ज्यांच्या घरी टाळं, त्यांचा नंबर आधी. नर्सबाईने स्वतःचा नंबर मागे टाकला. तिला म्हटलं, अगं तुझ्या बहिणीचं लग्न आहे. तर म्हणाली, लग्नाला हॉल मिळत नाहीये, तसंही पुढे गेलंय. खोटं बोलली. हॉल मिळाला होता, मला नंतर तिच्या आईनेच सांगितलं."

कामगार हॉस्पिटल म्हणजे मुलुंडचं राज्य कामगार विमा रुग्णालय. त्याचा हप्ता पगारातून जातो. पगार थांबला की हप्ता थांबतो, आणि पुढे कधीतरी नेमकं गरजेच्या वेळी कार्ड थंड पडतं. मावशींना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या धाकट्याला तेव्हा कावीळ झाली होती.

"बरं, मागायला कोण जायचं?"

इथे मावशी इतक्या हसल्या की पलीकडच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं.

"आमचे हे! पहिल्या दिवशी मुलुंड स्टेशनावर डबा घेऊन उभे. तर डबा पाठीमागे धरलेला! समोरून ओळखीचा दिसला की हे वेळापत्रक वाचायला लागायचे. संध्याकाळी डब्यात काय जमलं असेल? त्यांचीच स्वतःची नाणी, बोहनीला टाकलेली. मग युनियनच्या मीटिंगमध्ये कोणीतरी शहाण्याने तोड काढली. मुलुंडचे बोरिवलीला जातील, बोरिवलीचे मुलुंडला येतील. दादरला गाडी बदलायची. तिकडे कोण ओळखतं? बोरिवलीला आमचे हे असे मोठ्याने घोषणा द्यायचे म्हणे की टीसीने येऊन विचारलं, कोणत्या पक्षाचे?"

"आणि लोक द्यायचे?"

"सेकंड क्लासवाले द्यायचे. पण स्टेशनावर पैसा नसतो गं, पैसा गेटवर असतो. दुसऱ्या कंपन्यांच्या गेटवर. हजाराच्या आतली कंपनी असेल तर पगार सात तारखेला, मोठी असेल तर दहाला. तेव्हा कायदाच तसा होता. त्या दोन दिवसांत सुट्टीच्या भोंग्याला गेटवर उभं राहायचं. पाकीट नुकतंच हातात पडलेलं, घरी जायच्या आधीचं. बायकोच्या हातात जायच्या आधी जे मिळालं ते खरं."

त्या काळचा आग्रा रोड डोळ्यांपुढे आणला की मावशींचं म्हणणं पटतं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकापाठोपाठ एक फाटकं: औषधं, टायर, मोटारगाड्या, पंखे, रंग. एका गेटवरून पुढच्या गेटवर चालत जाता येई, आणि प्रत्येक गेटवर युनियनचा फळा असे. आज त्याच रस्त्यावर मॉल आणि टॉवर आहेत. आमचाही त्यातलाच एक. आमच्या सोसायटीतल्या सत्तरेक कुटुंबांपैकी कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे मला सांगता येणार नाही.

"कमानीचं ठाऊक आहे तुला?" मावशींनी विषय बदलला. खरं तर बदलला नाही.

"कुर्ल्याचा बसस्टॉप."

"आता बसस्टॉपच राहिलाय. अगं, तिथे कमानी ट्यूब्ज होती. आमच्या टाळेबंदीच्या आदल्याच वर्षी ती बंद पडली. हे रोज सांगायचे, कमानीवाल्यांनी काय केलं बघ."

कमानीवाल्यांनी जे केलं ते मुंबईच्या कामगार चळवळीत वेगळंच होतं. मालकांच्या घरातला तंटा, थकलेली देणी, तोडलेली वीज, आणि १९८५ मध्ये कारखाना बंद. सहाशेच्या आसपास कामगार रस्त्यावर. त्यांच्या युनियनने नुसती नुकसानभरपाई मागितली नाही. कारखाना आम्हीच चालवतो म्हणून सांगितलं आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८८ च्या सप्टेंबरात आजारी उद्योगांच्या मंडळाने त्यांची योजना मंजूर केली, आणि १९८९ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने धातूच्या नळ्या काढायला सुरुवात केली. कामगारांनी स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड त्यात घातला, कमी पगार मान्य केला. देशात अशा रीतीने कारखाना कामगारांच्या हाती जायचा तो पहिलाच प्रसंग मानतात. पुढे नव्वदीच्या दशकात तोही तोट्यात गेला. पण मधली तीन-चार वर्षं, बंद फाटकापासून पहिल्या नळीपर्यंतची, ती माणसं जगली कशावर? पुस्तकांत कोर्टाचे निकाल सापडतात. वाणी सापडत नाही.

"सगळ्यात भारी केलं ते शिवडीवाल्यांनी," मावशी म्हणाल्या.

"हिंदुस्थान लिव्हर?"

"पावडर गं, पावडर! लॉकआउट पावडर!"

ही गोष्ट मी वाचलेली होती, मावशींनी कपडे धुतलेले होते. १९८८ मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्या शिवडीच्या कारखान्याला टाळं लागलं, आणि ते जवळपास वर्षभर राहिलं. आत साबण आणि धुण्याची पावडर बनवण्यात आयुष्य घालवलेली माणसं बाहेर. त्यांनी काय करावं? बाहेर बसून धुण्याची पावडर बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'लॉकआउट'. कामगार संघटनांच्या मार्फत, ओळखीपाळखीने, ती मुंबईत विकली. ज्या बाजारात कंपनीची जाहिरात दर तासाला टीव्हीवर दिसे, त्या बाजारात.

"हे कुठल्याशा सभेला गेले आणि येताना पिशवी घेऊन आले. मी म्हटलं, आधीच घरात पैसा नाही आणि हे काय? तर म्हणाले, वर्गणी समज. मी म्हटलं, वर्गणीची पावती मिळते, पिशवी नाही. मग बादलीत टाकली, चांगली निघाली की! मग चाळीतल्या सगळ्यांनी मागवली. वर्गणी मागायला येणाऱ्याला दारातून हाकलता येतं. पण पावडर विकायला आलेल्याला बाई विचारते, कितीला दिली? मग तो सांगतो किंमत, आणि किमतीबरोबर सांगतो टाळ्याची गोष्ट. आपण ऐकतो. डब्यात रुपया एकदाच पडतो गं, धुणं दर दिवशी असतं."

माझ्या मते टाळेबंदीच्या सगळ्या इतिहासात यासारखं चलाख पत्रक निघालं नाही. मी मावशींना फ्रान्समधली गोष्ट सांगितली. बेझांसों गावात लिप नावाचा घड्याळांचा कारखाना होता. १९७३ मध्ये कंपनी माणसं काढणार असं कळल्यावर कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, स्वतःच घड्याळं बनवून विकली आणि त्या पैशातून आपापले पगार घेतले. त्या सप्टेंबरात गावात लाखभर लोकांचा मोर्चा निघाला.

मावशींनी थोडा विचार केला. "घड्याळ माणूस आयुष्यात किती वेळा घेतो? पावडर बरी."

शिवडीवाल्यांची युनियन पुढेही गप्प बसली नाही. कंपनीने टाटांची टॉमको आपल्यात विलीन करायला घेतली, तेव्हा ती विलीनीकरणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ मध्ये हरली. व्यापारी कायद्याच्या वर्गात तो निकाल आजही शिकवतात. युनियनचं नाव त्या निमित्ताने एमबीएच्या पोरांच्या तोंडी येतं, हा गमतीचा भाग.

एवढ्यात मावशींच्या सूनबाई बाहेर आल्या. "आई, पोळ्या करपल्या," म्हणाल्या. "करपू दे," मावशी म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून पुढचं सांगितलं, ज्यासाठी खरं तर भिंती असतात.

"फुटले कोण माहितेय? गेटसभेत सगळ्यात मोठ्याने 'जिंदाबाद' ओरडायचा तोच. टाळं उघडायला कंपनीने बॉण्ड मागितला. प्रत्येकाने सही करायची, यापुढे गडबड करणार नाही म्हणून. युनियन म्हणाली, कोणी सही करायची नाही. हा गडी रात्री जाऊन पहिली सही करून आला. दुसऱ्या दिवशी बायको सांगते, ते डोंबिवलीला बहिणीकडे गेलेत, तिची तब्येत बरी नाही. अगं, त्याची बहीण इथे तांबेनगरात! संध्याकाळी तीच भाजी घ्यायला बाजारात, ठणठणीत."

"मग त्याच्याशी बोलणं बंद केलंत?"

"महिनाभर. मग त्याची मुलगी आजारी पडली तेव्हा आमच्याच ह्यांनी तिला रिक्षात घालून नेलं. घरात खायला नाही म्हणून सही केली असणार. पण मग ओरडायचं तरी हळू."

मी मुद्दाम खोचून विचारलं, "पण मावशी, आमच्या ग्रुपवरचं म्हणणं अगदीच खोटं आहे का? युनियनचंही काही चुकलं असेल ना?"

मावशी रागावल्या नाहीत. "डॉक्टरांचं म्हणत्येस तू."

घाटकोपर-मुलुंड भागात नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की जुन्या माणसांना दत्ता सामंतच आठवतात. पंतनगरात दवाखाना होता त्यांचा. आजूबाजूच्या दगडखाणींतले मजूर औषधाला येत, त्यांची दैना बघून हा डॉक्टर युनियनमध्ये पडला. कंपनीचा ताळेबंद मला दाखवू नका, कामगाराचं पोट बघा, असा त्यांचा खाक्या. पगार वाढवून दिले, घसघशीत दिले. मग १८ जानेवारी १९८२ पासूनचा गिरणी संप, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो रीतसर मागे घेतल्याचं आजवर कोणी जाहीर केलेलं नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईत घरापासून जवळच त्यांचा खून झाला.

"आमच्या ह्यांचा जीव होता त्यांच्यावर. माझा नव्हता," मावशी म्हणाल्या. "माणूस खरा होता, पण थांबायचं कुठे ते ठाऊक नव्हतं. माझा भाऊ लालबागला गिरणीत. संपात गावाला गेला, साताऱ्याकडे, तो परत आला तेव्हा गिरणी नव्हती. तेव्हा गावागावांतून धान्य यायचं मुंबईला, ज्वारी, तांदूळ, पोती भरभरून. आणि उपनगरातल्या कंपन्यांमधून पैसे जायचे. आमच्या ह्यांनी ओव्हरटाइमचे पैसे दिले होते गिरणीवाल्यांना, महिनोन्‌महिने. मी भांडले त्यावरून. आणि चार वर्षांनी आमची पाळी आली तेव्हा गिरणगावात द्यायला काय उरलं होतं? तिथे तर बायका गहाण पडलेली मंगळसूत्रं अजून सोडवत होत्या. तरी माझ्या भावजयीने एक पोतं ज्वारी पाठवलं गावाहून. एसटीच्या टपावर टाकून."

हे पोतं मला त्या सगळ्या बोलण्यात मोठं वाटलं. ज्यांच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं, त्यांनी उधारी फेडली, आणि उधारी कोणी मागितलेलीही नव्हती.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचा इतिहास असाच. १९७३-७४ चा बेचाळीस दिवसांचा गिरणी संप झाला, तेव्हा कामगारांना या बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या दारात गेल्या. वाण्याकडून माल उधार, व्याज चढलेलं, आणि समोर ताटावर बसलेला कामगार खिसा रिकामा दाखवतोय. संपाच्या हिशेबात या बायका कुठेच नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पाठिंबा देणाऱ्यालाही कोणीतरी पाठिंबा द्यावा लागतो, हे तेव्हा एका बाईला कळलं.

"तुमच्या वाण्याचं काय झालं शेवटी?" मी विचारलं. "पैसे मिळाले त्याला?"

"टाळं उघडलं तेव्हा थकबाकीतले काही मिळाले कामगारांना. पहिल्या पगाराच्या दिवशी वाण्याकडे रांग लागली होती, रेशनला लागायची तशी. सगळ्यांनी नाही दिले. काही गावाला गेले ते गेलेच. त्याने आमच्या नावापुढची ओळ खोडली तेव्हा मी म्हटलं, शेठ, अजून सत्तर रुपये राहिलेत. तर म्हणाला, ते तुम्ही सणाला घेतलेल्या गुळाचे, मी लिहिलेच नव्हते." मावशी क्षणभर गप्प झाल्या. "कंपनी काही वर्षांनी बंदच झाली. व्हीआरएस देऊन. तिथे आता ते तुमचं जिम आहे, नाही का? पोरं पैसे भरून पळतात जागच्या जागी."

आमचंच जिम. मी विषय वळवला आणि नव्या कायद्याचं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना कायमचा बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर किंवा अधिक कामगार असले की लागे. आता ती मर्यादा तीनशेची. म्हणजे मधल्या आकाराचे, अडीचशे-पावणेतीनशे माणसांचे कारखाने त्या अटीतून सुटले.

"आणि कंत्राटी पोरं?" मावशींनी नेमकं विचारलं. "ती कोणाची? पत्रकात आहेत का ती?"

मी पत्रक पुन्हा पाहिलं. कायम कामगारांचाच आकडा होता. आत काम करणाऱ्या कंत्राटी मुलांबद्दल एक ओळ नव्हती. ती मुलं भांडुपच्या टेकडीवर, सोनापूरच्या वस्तीत भाड्याने राहतात. फाटकाला टाळं लागल्यावर ठेकेदाराने त्यांना सरळ सांगितलं असणार, दुसरीकडे बघा. त्यांच्यासाठी कोणी पावतीपुस्तक छापत नाही.

"इथे चुकतंय त्या युनियनचं," मावशींनी बोट रोखलं. "आमच्या वेळी बदली कामगारांना पण धान्य दिलं होतं, भांडण झालं तरी दिलं. पोरांना मोजत नाहीत ना, मग उद्या हीच पोरं टाळं तोडून आत कामाला जातील, आणि हे म्हणतील फितूर. रविवारी येणार आहेत ना ते परत? मी येते तुमच्या गेटवर. वॉचमन मला अडवणार नाही, त्याच्या बायकोची भिशी माझ्याकडे आहे."

मावशींच्या सूनबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पोळ्यांचा विषय संपलेला होता आणि आवाजात वरणाचा सूर होता. मावशी निघाल्या, जाता जाता त्यांनी मला ज्या सूचना दिल्या त्या तशाच इथे उतरवते, कारण पुढच्या महिन्यात असे चार जण अंधेरीच्या, घाटकोपरच्या, बोरिवलीच्या तुमच्याही गेटवर उभे राहू शकतात.

पावती घ्या आणि तिच्यावर युनियनचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर पैसे देऊ नका, पण चहा द्या. मदतीच्या यादीत कंत्राटी कामगारांची नावं आहेत का ते तोंडावर विचारा. जुने कपडे देऊ नका, ते कोणालाच नको असतात. धान्य द्यायचं तर तूरडाळ आणि तेल द्या, तांदूळ सगळेच देतात. रोख द्यायला मन धजत नसेल तर एका मुलाची शाळेची फी थेट शाळेत जाऊन भरा आणि पावती त्याच्या आईच्या हातात द्या. आणि तुमच्या नाक्यावरचा वाणी त्या कामगारांना उधार देत असेल, तर या महिन्याचा किराणा ॲपवरून न मागवता त्याच्याकडून घ्या.